नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर नेमके किती आणि प्रवासाचे तास कसे मोजायचे?

प्रतापनगरकर यांचा प्रश्न

आईबाबांना ऑक्टोबरअखेर बहिणीकडे सॅन फ्रान्सिस्कोला पाठवायचे आहे. दोघेही सत्तरीच्या आसपास. नागपूरहून अंतर किती ते शोधले तर एका ठिकाणी १३,११२, दुसरीकडे ८,१४७, तिसरीकडे ७,०८० आणि एका ट्रॅव्हल साइटवर थेट १६,४००. यातले खरे कोणते? १३,११२ धरून ताशी ९०० किमीने भागले तर साडेचौदा तास येतात. पण एजंटने दिलेल्या तिकिटात २२ तास लिहिलेत, आणि घड्याळाप्रमाणे मोजले तर साडेनऊच तास होतात:

मंगळवार, २७ ऑक्टोबर: नागपूर २०:३०, दिल्ली २२:२०
बुधवार, २८ ऑक्टोबर: दिल्ली ०२:३०, सॅन फ्रान्सिस्को ०६:००

दुसरा पर्याय दोहामार्गे आहे, तिसरा मुंबई आणि फ्रँकफर्ट. कमी दगदगीचा कोणता? आणि हे साडेचौदा, बावीस, साडेनऊचे गणित कोणी समजावून सांगेल का?

---

नकाशावेडा

आधी अंतर. तुमचे पहिले तीनही आकडे एकच आहेत, फक्त एकक वेगळे. १३,११२ किलोमीटर, ८,१४७ मैल आणि ७,०८० सागरी मैल. बऱ्याच साइट एकक बारीक अक्षरात लिहितात किंवा लिहीतच नाहीत. १६,४०० हा आकडा मुंबई आणि फ्रँकफर्टमार्गे जाणाऱ्या तुमच्या तिसऱ्या पर्यायाचा आहे: नागपूर-मुंबई ६८०, मुंबई-फ्रँकफर्ट ६,५७०, फ्रँकफर्ट-सॅन फ्रान्सिस्को ९,१५०. बेरीज करून बघा.

स्वतः पडताळायचे असेल तर साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो. नागपूर विमानतळ २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. सॅन फ्रान्सिस्को ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम असल्याने रेखांशांची बेरीज करायची: २०१.४३. ती १८० च्या वर गेली म्हणून ३६० मधून वजा करायची: १५८.५७ अंश. इथेच बहुतेकांचे चुकते. दोन्ही आकडे धन घेऊन वजाबाकी केली की ४३ अंश येतात आणि अमेरिका चीनच्या पूर्व किनाऱ्याजवळ जाऊन बसते.

मग दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३५९८ × ०.६१०४ = ०.२१९६. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार: ०.९३३० × ०.७९२१ × (−०.९३०९) = −०.६८८०. बेरीज −०.४६८४. तिचा व्यस्त कोसाइन ११७.९ अंश. एका अंशाला १११.२ किमी, म्हणजे सुमारे १३,११० किमी. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे थोडी चपटी आहे, त्यामुळे एखादी साइट यात चाळीस-पन्नास किमी इकडेतिकडे दाखवेल. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

आता गंमत दिशेची. भिंतीवरच्या नकाशात सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा फार तर सोळा-सतरा अंश उत्तरेला दिसते, म्हणून विमान पूर्वेला किंवा पश्चिमेला सरळ जात असेल असे वाटते. पण वरच्याच आकड्यांवरून निघण्याची दिशा काढली तर ती खऱ्या उत्तरेपासून जेमतेम १९ अंश पूर्वेला येते. म्हणजे सोनेगावहून, आपल्या नागपूर विमानतळावरून, निघालेली सर्वांत जवळची रेषा पश्चिम नेपाळ, तिबेट, शिनजियांग, मंगोलियाचे पश्चिम टोक, सायबेरिया असे करत ७२ अंश उत्तरेपर्यंत चढते, आर्क्टिक महासागराला स्पर्श करते आणि अलास्कात फेअरबँक्सजवळून खाली उतरते. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून बघा, लगेच दिसेल.

यातून तुमच्या कामाची गोष्ट निघते. दिल्ली या रेषेपासून फार दूर नाही. नागपूर-दिल्ली ८५० आणि दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को १२,३८०, मिळून १३,२३०. थेट रेषेपेक्षा फक्त १२० किमी जास्त. मुंबईहून थेट सॅन फ्रान्सिस्को धरले तरी ६८० अधिक १३,५१०, म्हणजे १४,१९०. दोहामार्गे २,८४० अधिक १३,०००, म्हणजे १५,८४०. केवळ अंतराच्या हिशेबात दिल्लीला तोड नाही. पण केवळ अंतरावर तिकीट काढू नका, ते पुढे कोणीतरी सांगेलच.

---

मिहानवाला

सांगतो. वरचे अंतर बरोबर आहे, फक्त त्या रेषेवरून विमान उडत नाही.

पहिली अडचण तिबेट. पठाराची सरासरी उंची साडेचार हजार मीटर. केबिनमधला दाब अचानक गेला तर वैमानिकाला विमान १०,००० फुटांपर्यंत खाली आणावे लागते, कारण छतातून पडणाऱ्या मास्कचा ऑक्सिजन साधारण १२ ते २२ मिनिटांचाच असतो. तिबेटवर १०,००० फूट म्हणजे जमिनीच्या पोटात. जास्तीचा ऑक्सिजन आणि सुटकेचे ठरलेले मार्ग असतील तर काही भागांतून जाता येते, पण विमान कंपन्या शक्यतो ते टाळतात. म्हणून दिल्लीहून पूर्वेकडे जाणारे विमान बांगलादेश, म्यानमार, चीनचा दक्षिण भाग, जपान असे जाऊन पॅसिफिकवर निघते.

हा रस्ता लांबचा आहे आणि तरी परवडतो. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले, तेव्हा अंतर १३,९०० वरून १५,३०० किमी झाले आणि वेळ कमी होऊन साडेचौदा तासांवर आली. भागाकार करा: ताशी १,०५५ किमी. बोइंग ७७७ हवेच्या सापेक्ष ताशी ९०० च्या आसपासच उडते. उरलेले दीडशे वाऱ्याचे. साधारण १० ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जो जोराचा प्रवाह असतो, जेट स्ट्रीम, तो जपानच्या आसपास हिवाळ्यात सर्वांत जोमात असतो.

म्हणून ९०० ने भागण्याच्या तुमच्या हिशेबात एक दुरुस्ती. ९०० हा हवेतला वेग आहे, जमिनीवरचा नाही. समजा मार्ग १३,५०० किमीचा आहे. वारा नसेल तर १५ तास. सरासरी ५० चा वारा पाठीमागून असेल तर १४ तास १३ मिनिटे, तोंडावर असेल तर १५ तास ५३ मिनिटे. तेच विमान, तोच रस्ता, एक तास चाळीस मिनिटांचा फरक. वेळापत्रक बनवणारे हंगामाचा सरासरी वारा धरून वर थोडी सूट ठेवतात, त्यामुळे एखाद्या दिवशी विमान पाऊण तास आधी पोहोचले तर फार नवल नाही.

शिवाय तिकिटावरची वेळ ही उड्डाणाची नसते. चाकाचे ठोकळे काढल्यापासून पलीकडे ठोकळे लावेपर्यंतची असते. दिल्लीत गेट ते धावपट्टी वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात, वर चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. या सगळ्यासाठी भागाकारात निदान ४० मिनिटे वाढवा.

मार्गावर राजकारणही आहे. २०२२ पासून रशियाचे आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. उलट एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना वाट बंद केली. दिल्लीहून पश्चिमेकडे निघणाऱ्या विमानांना त्याचा वळसा पडतो, इंधनासाठी मध्ये उतरावेही लागते. पूर्वेकडून पॅसिफिकवर जाणाऱ्याला पाकिस्तान लागतच नाही. म्हणून तिकीट घेताना "डायरेक्ट" एवढे बघून थांबू नका. एकच फ्लाइट नंबर ठेवून मध्ये कुठे तेल भरायला उतरत असेल तरी ते डायरेक्टच म्हणतात. "नॉनस्टॉप" आहे का ते बघा.

कोणी विचारण्याआधीच: नागपूरहून थेट का नाही? नागपूर विमानतळालगतच्या मिहानमधल्या एमआरओत, म्हणजे विमानदुरुस्ती केंद्रात, देखभालीसाठी बोइंग ७७७ येतात, म्हणजे ३,२०० मीटरची धावपट्टी त्यांना उतरायला आणि रिकामे उडायला पुरते. १३,००० किमीचे इंधन भरून, पूर्ण प्रवाशांसह, समुद्रसपाटीपासून ३०० मीटरवर आणि मे महिन्याच्या ४५ अंशांत उडणे ही वेगळी गोष्ट. गरम हवा विरळ, पंखांना उचल कमी, इंजिनाचा जोर कमी, मग वजन कमी करावे लागते. म्हणजे एकतर इंधन कमी नाहीतर माणसे कमी. आणि रोज तीनशे प्रवासी मिळणार कुठून हा प्रश्न त्याच्याही आधीचा.

---

प्रतापनगरकर

दोघांचेही आभार. अंतर कळले. पण तो बावीस आणि साडेनऊचा घोळ अजून सुटला नाही. आणि तारीखरेषा ओलांडली की एक दिवस वजा करायचा ना? तो २२ मधून करायचा की कसे?

---

सदरचे तिकीटघर

नाही, काहीही वजा करायचे नाही. तारीखरेषेला विसरून जा. विमान पॅसिफिकवरून जावो, अटलांटिकवरून जावो की ध्रुवावरून, दोन शहरांच्या घड्याळांत जो फरक आहे तोच राहतो. तारीखरेषा त्या फरकात आधीच धरलेली असते. पुन्हा मोजली की २४ तासांचा घोळ होतो.

पद्धत एकच: दोन्ही टोके भारतीय वेळेत आणा. तुमचे विमान २८ ऑक्टोबरला सकाळी ६:०० ला तिथे उतरते. त्या दिवशी तिथे उन्हाळी वेळ चालू असते, फरक १२ तास ३० मिनिटे. म्हणजे आपल्याकडे बुधवारी संध्याकाळचे ६:३०. मंगळवारी रात्री ८:३० पासून बुधवारी संध्याकाळी ६:३० पर्यंत २२ तास. त्यात नागपूर-दिल्ली १ तास ५० मिनिटे, दिल्लीत थांबा ४ तास १० मिनिटे, पुढचे उड्डाण १६ तास. तुमचे साडेनऊ म्हणजे २२ वजा साडेबारा. झाला हिशेब.

परतीला उलटे. फेब्रुवारीत परत येणार असतील तर तिथे हिवाळी वेळ, फरक १३ तास ३० मिनिटे. समजा १० तारखेला सकाळी १० ला तिकडून निघाले, तर आपल्याकडे त्याच रात्रीचे ११:३०. सोळा तासांनी म्हणजे ११ तारखेला दुपारी ३:३० ला दिल्ली. निघायची वेळ रात्रीची असेल तर तिकिटावर "+२" दिसतो, त्याने घाबरू नका. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को-बेंगळुरूचे पहिले नॉनस्टॉप विमान ९ तारखेला रात्री साडेआठला निघून ११ तारखेच्या पहाटे पोहोचले. कागदावर दोन दिवस, प्रत्यक्षात सुमारे १७ तास.

तुमच्या तारखांत एक मेख आहे. विमान कंपन्यांचे हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होते, यंदा म्हणजे २०२६ ला २५ तारखेला. अमेरिकेची घड्याळे मागे जातात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, १ तारखेला. मधल्या आठवड्यात सुटण्याच्या किंवा पोहोचण्याच्या वेळा तासाभराने सरकवलेल्या असू शकतात. आज बुक केले तरी ऑक्टोबरच्या मध्यात पुन्हा एकदा वेळ तपासा. बहिणीलाही तेव्हाच वेळ कळवा.

आता थांब्याचे. दिल्लीतले चार तास दहा मिनिटे पुरेसे आहेत, दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, असतील तर. एका पीएनआरवर सामान नागपूरलाच सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत टॅग होते, दोन्ही बोर्डिंग पास इथेच मिळतात, आणि पहिले विमान लेट होऊन पुढचे चुकले तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळी तिकिटे घेतली तर:

- दिल्लीत पट्ट्यावरून सामान उचलून पुन्हा चेक-इन करावे लागते. काउंटर उड्डाणाच्या निदान एक तास आधी बंद होतो.
- देशांतर्गत विमान टर्मिनल १ ला उतरले तर टर्मिनल ३ ला जायला रस्त्याने काही किलोमीटर जावे लागते. सामान आणि दोन ज्येष्ठ, म्हणजे तासभर धराच.
- नागपूर-दिल्लीला साधारण १५ किलोच सामान फुकट. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा असतात. वेगळे तिकीट हजार-दोन हजारांनी स्वस्त दिसते आणि नागपूरच्या काउंटरवर जादा वजनात त्याच्या कितीतरी पट जातात.

म्हणून एजंटला विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नको, पीएनआर एक की दोन हा हवा.

---

जाफरनगर

काऊन बा एवढा हिशेब करून राहिले? दोहाचं विमान नागपूरहून सुटते. इमिग्रेशन इथंच, रांग छोटी, दिल्लीची भानगड नाही. म्हाताऱ्या माणसांना तेच बरं.

---

सदरचे तिकीटघर

जाफरनगर, मुद्दा अगदीच चुकीचा नाही. दिल्लीच्या टर्मिनल ३ मध्ये चालणे खूप, इमिग्रेशनची रांग मध्यरात्री सर्वांत लांब, आणि बहुतेक लांब पल्ल्याची विमाने त्याच वेळी सुटतात. नागपूरला हे सोपे पडते. पण दोहामार्गे नागपूर-दोहा चार-सव्वाचार तास आणि पुढे १६ तासांच्या आसपास, म्हणजे हवेतच दिल्लीमार्गापेक्षा सुमारे सव्वादोन तास जास्त. नागपूरचे विमान पहाटेच्या वेळी असते, त्यामुळे ती रात्र विमानतळावरच जाते. शिवाय ते रोज आहे का आणि दोह्याचा थांबा किती, हे तारखेनुसार बघावे लागते. थांबा दोन-तीन तासांचा असेल तर दोहा, आठ तासांचा असेल तर दिल्ली. मुंबई-फ्रँकफर्ट मी या वयाला सुचवणार नाही: दोन बदल, दोनदा सुरक्षा तपासणी, आणि अंतरही तीन हजार किमी जास्त.

कोणताही मार्ग घ्या, व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, निदान ४८ तास आधी. चालता येते म्हणून संकोच करू नका. ही सोय चालण्यापेक्षा रांगांसाठी आणि गेट शोधण्यासाठी जास्त उपयोगी पडते.

---

औषधपेटी

एक भर. सोळा तासांच्या उड्डाणात गोळ्यांचे वेळापत्रक घड्याळावर ठेवले की दोन डोस एकदम होतात किंवा एक चुकतो. रोज एकदा घ्यायची रक्तदाबाची गोळी असेल तर प्रवासात भारतीय वेळच चालू ठेवा, आणि तिथे पोहोचल्यावर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हळूहळू सरकवा. एका हातात भारतीय वेळेचे जुने घड्याळ राहू द्या. इन्सुलिन असेल तर निघण्याआधी डॉक्टरांकडून तासांप्रमाणे लिहून घ्या. ते हातातल्या बॅगेतच ठेवायचे, कारण खालच्या सामानात गोठण्याची भीती असते. सोबत प्रिस्क्रिप्शन हवे आणि त्यात औषधाचे मूळ नाव लिहिलेले हवे.

सीट आतल्या रस्त्याकडेची घ्या. दर दोन तासांनी उठून गॅलीपर्यंत (विमानातल्या स्वयंपाकघरापर्यंत) चक्कर, बसल्या बसल्या घोटे फिरवणे, पाणी घोट घोट. पायांवर सूज येत असेल किंवा अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल तर घट्ट मोजे आणि रक्त पातळ करण्याचे औषध याबद्दल डॉक्टरांनाच विचारा, मनाने काही देऊ नका.

आणि संत्री देऊ नका बरोबर. ताजी फळे अमेरिकेत नेता येत नाहीत; उतरताना बॅगेत एक जरी राहिले आणि सांगितले नाही तर दंड होतो. द्यायचीच तर दिल्लीपर्यंत खाण्यापुरती.

---

प्रतापनगरकर

एका पीएनआरवर दिल्लीमार्गे नक्की करतो. शेवटचे दोन प्रश्न: सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्यावर बाहेर यायला किती वेळ धरायचा? आणि फेब्रुवारीत परत येताना दिल्लीच्या धुक्याचे काय?

---

मिहानवाला

धुक्याचा खरा जोर डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत, आणि तोही रात्री उशिरापासून सकाळी नऊ-दहापर्यंत. दुपारी साडेतीनला उतरणाऱ्या विमानाला फेब्रुवारीत फारसा त्रास नसतो. मोठी विमाने तर कमी दृश्यतेतही उतरतात. अडकते ते नागपूरचे छोटे विमान, कारण तेच विमान सकाळपासून चार शहरे फिरून आलेले असते आणि सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत साचत जातो.

---

सदरचे तिकीटघर

तिकडे उतरल्यावर दीड ते दोन तास धरा: इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स. बहिणीने सहाला नव्हे, साडेसातला पोहोचले तरी चालते. बहिणीचा पत्ता आणि फोन आईबाबांकडे कागदावर लिहिलेला असू द्या. फोनची बॅटरी सोळा तासांनंतर भरवशाची नसते, आणि पॉवर बँक खालच्या सामानात चालत नाही.

परतीला एक लक्षात ठेवा. बॅगांवर नागपूरचा टॅग असला तरी दिल्लीत सहसा त्या पट्ट्यावरून उचलून कस्टम्समधून न्याव्या लागतात आणि पुढच्या काउंटरवर पुन्हा द्याव्या लागतात. "टॅग नागपूरचा आहे, थेट येईल" म्हणून लोक तशाच सोडून पुढे जातात आणि बॅग दिल्लीतच राहते. सॅन फ्रान्सिस्कोला चेक-इन करतानाच विचारून घ्या, आणि दिल्लीत पुढच्या विमानासाठी निदान साडेतीन तास ठेवा. ३:३० ला उतरणार असतील तर संध्याकाळी ७ च्या आधीचे नागपूरचे विमान घेऊ नका.